डायनाची एस्कॉर्ट ते जीआर यारिस: आजची हॉट हॅच उद्याची क्लासिक होईल का?

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

२७ ऑगस्ट २०२२ ला इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला एक लिलाव झाला. त्यात एक काळी फोर्ड एस्कॉर्ट साडेसहा लाख पौंडांना गेली. आपल्या हिशेबाने सहा कोटींच्या वर. फेरारी नाही, रोल्स रॉइस नाही, फोर्ड एस्कॉर्ट! म्हणजे त्या काळी इंग्लंडमध्ये शाळामास्तर आणि विमा एजंट जी गाडी चालवायचे, तिचीच जरा तिखट बहीण, आरएस टर्बो. आता ही गाडी राजकन्या डायनाची होती. फोर्ड हे मॉडेल एरवी पांढऱ्या रंगात विकायची, तिची मात्र लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून काळी केली होती. त्यामुळे त्या किमतीत राजघराण्याचा वाटा मोठा आहे, हे मान्य. पण राजघराणं बाजूला ठेवलं तरी नीट राखलेली साधी आरएस टर्बोसुद्धा आज तिकडे नव्या गाडीच्या भावात जाते.

यावरूनच आजचा प्रश्न. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आलेल्या टोयोटा जीआर यारिस, होंडा सिव्हिक टाइप आर, ह्युंदाई आय-२० एन, फोर्ड फिएस्टा एसटी या गाड्या तीस वर्षांनी अशाच जपल्या जातील का? यूट्यूबवर 'आत्ता घेऊन ठेवा, सोनं आहे' असं सांगणारे भरपूर आहेत. मी गुंतवणूक सल्लागार नाही. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर मला इंजिनापेक्षा सॉफ्टवेअरमध्ये जास्त दिसतं. पण तिथे जायच्या आधी इतिहास बघू. जुन्या हॉट हॅच क्लासिक कशा झाल्या, हे कळल्याशिवाय नव्यांचं काय होईल हे सांगता येणार नाही.

पाच हजारांचा अंदाज

हॉट हॅच म्हणजे काय? रोजची, मागे वर उघडणारं दार असलेली छोटी गाडी. तीच बॉडी, त्याच सीट, तीच डिकी. फक्त इंजिन ताकदवान, सस्पेन्शन कडक, ब्रेक मोठे. आठवडाभर ऑफिस आणि भाजी, रविवारी घाटरस्ता.

या कल्पनेच्या पहिल्या हक्कावरून वाद आहेत. १९६१ ची मिनी कूपर, १९७१ ची ऑटोबिआंकी ए-११२ अबार्थ, फ्रान्सची सिम्का ११०० टीआय, सगळ्यांचे वकील हजर असतात. पण नाव झालं ते फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचं. फोक्सवॅगनमधल्या मोजक्या लोकांनी कामाच्या वेळेबाहेर, वरिष्ठांना फारसं न सांगता ही गाडी जमवायला सुरुवात केली. आल्फॉन्स ल्योवेनबर्ग हा इंजिनिअर त्यामागचा मुख्य माणूस. सप्टेंबर १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती मांडली आणि १९७६ मध्ये विक्री सुरू झाली. १.६ लिटरचं इंजिन, ११० अश्वशक्ती, ताशी १८० किलोमीटरच्या वर वेग. आतल्या चौकड्यांच्या सीट आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंची कल्पना.

कंपनीचा अंदाज होता की पाच हजार गाड्या खपतील. पहिल्या पिढीच्या जीटीआय खपल्या साडेचार लाखांहून जास्त.

हा आकडा लक्षात ठेवा. साडेचार लाख बनलेली वस्तू दुर्मीळ नसते. तरी आज पहिल्या पिढीची जीटीआय क्लासिक आहे. मग मधल्या काळात काय झालं?

गंज, चोर आणि विमा

मधल्या काळात त्या मेल्या.

१९८४ मध्ये पजोने २०५ जीटीआय आणली, पुढे १.९ लिटरची १३० अश्वशक्तीची आवृत्ती काढली. वळणावर अचानक अॅक्सिलरेटर सोडला की हिची शेपूट बाहेर पडायची. जाणत्या ड्रायव्हरला त्यात मजा आणि अजाणत्याला थेट शेतात मुक्काम. रेनॉ ५ जीटी टर्बो, एस्कॉर्ट एक्सआर३आय, गोल्फची दुसरी पिढी, सगळ्यांचं नशीब साधारण एकच. पहिला मालक पैसेवाला. दुसरा हौशी. तिसरा वीस वर्षांचा पोरगा, ज्याच्याकडे गाडीपुरते पैसे होते, टायरपुरते नव्हते. कुणी झाडावर घातल्या, कुणी मोठा टर्बो लावून इंजिन उडवलं, उरलेल्या युरोपातल्या हिवाळी रस्त्यांवरच्या मिठाने गंजल्या.

ब्रिटनमध्ये आणखी एक गोष्ट झाली. या गाड्या चोरायला सोप्या होत्या आणि पळवायला मजेशीर. १९९० च्या आसपास वस्त्यांमधली पोरं रात्री त्या चोरून गरागरा फिरवायची आणि शेवटी पेटवून द्यायची. प्रकरण एवढं वाढलं की १९९२ मध्ये संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केला. विमा कंपन्यांनी हप्ते असे चढवले की तरुण माणसाला गाडीपेक्षा विमा महाग पडू लागला. हॉट हॅचचा पहिला बहर तिथे ओसरला. १९९८ पासून तिथे प्रत्येक नव्या गाडीत इमोबिलायझर सक्तीचा झाला. म्हणजे किल्लीत चिप, आणि ती ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. ही चिप पुढे आपल्या गोष्टीत परत येणार आहे.

तर हिशेब असा. भरपूर बनल्या, भरपूर मेल्या, थोड्या उरल्या. ज्या पोरांच्या खोलीत १९८६ साली २०५ चं पोस्टर होतं, ती २०१५ च्या सुमारास पंचेचाळिशीला पोहोचली. हातात पैसा आला. तेव्हा न घेता आलेली गाडी आता घ्यायची ठरली. भाव चढले.

अपवाद होत्या त्या रॅलीसाठी जन्मलेल्या गाड्या. रॅलीत उतरायचं तर नियमाप्रमाणे ठरावीक संख्येने तशीच गाडी सामान्य लोकांना विकावी लागायची. त्यामुळे १९८० ची, मागची सीट काढून तिथे इंजिन बसवलेली रेनॉ ५ टर्बो आली. पजोने २०५ टी-१६ च्या दोनशे गाड्या रस्त्यासाठी काढल्या. पुढे लॅन्सिया डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं उत्पादकांचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. तिच्या इंटेग्राले आवृत्तीला मरून दुर्मीळ व्हावं लागलं नाही. तिच्या मागे गोष्ट होती.

आणि एक धडा 'मर्यादित आवृत्ती' या शब्दाचा. १९९३ मध्ये रेनॉने क्लिओ विल्यम्स आणली. निळा रंग, सोनेरी चाकं, डॅशबोर्डवर क्रमांकाची पट्टी. लोकांनी दुर्मीळ म्हणून घेतली. मग रेनॉने दुसरी आवृत्ती काढली, मग तिसरी. एकूण बारा हजारांच्या वर गाड्या झाल्या आणि पहिले ग्राहक खवळले. तरी आज विल्यम्सला मान आहे, कारण ती चालवायला अप्रतिम होती. पट्टीवरचा आकडा गाडीला क्लासिक करत नाही.

आजच्या गाड्यांच्या बाजूने काय आहे

आता या मोजपट्टीवर आजच्या गाड्या लावू.

गोष्ट आहे का? काहींकडे जबरदस्त आहे. टोयोटा जीआर यारिस २०२० मध्ये आली ती जागतिक रॅलीसाठीच. तीन दारं, चारही चाकांना ताकद, १.६ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, युरोपात २६१ अश्वशक्ती. तिची रॅली आवृत्ती २०२१ मध्ये उतरायची होती. महामारी आली, २०२२ पासून नियमही बदलणार होते, आणि टोयोटाने ती आवृत्ती रद्द केली. ज्या स्पर्धेसाठी गाडी जन्मली ती स्पर्धाच तिच्या वाट्याला त्या रूपात आली नाही. कर्णाच्या रथाचं चाक रुतावं तसं. संग्राहकांना अशा गोष्टी फार आवडतात.

दुर्मीळ आहे का? रेनॉ मेगान आर-२६.आर, साल २००८, एकूण ४५० गाड्या. मागची सीटच नाही, मागच्या खिडक्यांना काचेऐवजी पॉलिकार्बोनेट. ही आधीच जवळपास क्लासिक झाली आहे.

शेवटची आहे का? इथे सगळ्यांनाच हात वर करता येतो. फिएस्टाचं उत्पादन जुलै २०२३ मध्ये थांबलं. मेगान आरएसची निरोपाची 'अल्टिम' आवृत्ती १,९७६ गाड्यांची होती, कारण रेनॉ स्पोर्टची स्थापना १९७६ ची. युरोपात सिव्हिक टाइप आरला निरोप द्यायला फक्त ४० गाड्या काढल्या. कारण सरळ आहे. युरोपात कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेवर गेलं, की प्रत्येक जादा ग्रॅममागे, विकलेल्या प्रत्येक गाडीला ९५ युरो दंड. छोट्या गाडीत आधीच नफा कमी, त्यात हा दंड. हिशेब बसत नाही.

म्हणजे गोष्ट आहे, दुर्मीळता आहे, शेवटचेपण आहे. शिवाय आजचे पत्रे गॅल्व्हनाइज्ड असतात, पूर्वीसारखे गंजत नाहीत. कित्येक जीआर यारिस तर पहिल्या दिवसापासून पारदर्शक फिल्म चढवून गॅरेजात झाकून ठेवल्या आहेत. अमेरिकेत पंचवीस वर्षं जुनी झाली की तिकडे कधीच न विकलेली गाडीही आयात करता येते. जीआर यारिस अमेरिकेत विकली गेली नाही. म्हणजे २०४५ मध्ये तिथलं दार उघडेल. कागदावर सगळं जुळतंय.

आणि आता माझ्या धंद्याची गोष्ट

पहिल्या गोल्फ जीटीआयमध्ये बॉशची के-जेट्रॉनिक नावाची इंधन प्रणाली होती. ती जवळपास पूर्ण यांत्रिक. हवा आत येते, एक चकती उचलली जाते, ती जेवढी उचलली जाईल तेवढं पेट्रोल सुटतं. एकही प्रोसेसर नाही, एक ओळ कोड नाही. बिघडली तर उघडा, साफ करा, दाब मोजा, लावा. दाबमापक आणि धीर असलेला कुठलाही मेकॅनिक आजही ती चालू करू शकतो.

आजच्या हॉट हॅचमध्ये अनेक छोटे संगणक असतात. इंजिनाचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा, दारांचा, स्क्रीनचा. हे सगळे एका तारेवर एकमेकांशी बोलत राहतात. आणि हल्ली ते फक्त बोलत नाहीत, एकमेकांची ओळखही तपासतात. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं युनिट आणून बसवलं तर गाडी म्हणू शकते, 'हा कोण? मी याला ओळखत नाही.' ओळख पटवायची तर कंपनीचं निदान सॉफ्टवेअर लागतं, आणि ते सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगी मागतं. आठवतेय ना ती किल्लीतली चिप? चोराला अडवायला आलेली ती कल्पना आता गाडीभर पसरली आहे.

कंपन्या हे मुद्दाम वाईटपणाने करतात असं नाही. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला सायबर सुरक्षेचा नियम लागू झाला. काही जुन्या रचनेच्या गाड्या तो पाळू शकत नव्हत्या म्हणून तिथल्या बाजारातून काढाव्या लागल्या. पोर्शची पेट्रोल मकान त्यातलीच. नियम योग्यच आहे; चालत्या गाडीचे ब्रेक कुणी दुरून हॅक करू नयेत, हे कुणालाही पटेल. पण त्याच कुलपाची दुसरी बाजू अशी की तीस वर्षांनी प्रामाणिक मालकही बाहेर राहू शकतो.

मी रोज ज्या प्रणालींवर काम करतो त्यांचं आयुष्य पाच-सात वर्षं धरलेलं असतं. त्यानंतर 'सपोर्ट बंद' असा एक ईमेल येतो आणि सगळे पुढे जातात. बीटेकला आम्हाला सिस्टीम बांधायला शिकवलं; चाळीस वर्षं जिवंत कशी ठेवायची हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. गाडीचा सर्व्हर २०५० मध्ये कोण चालवणार? ज्या मॉडेलच्या तीनशे गाड्या उरल्या आहेत त्यांच्यासाठी कुठली कंपनी जुनी यंत्रणा सांभाळेल?

हे नुसतं भाकीत नाही, उदाहरणं आहेत. फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्समध्ये स्क्रीनमागची मेमरी अशीच झिजली आणि २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीजी बंद झालं, तेव्हा कित्येक धडधाकट गाड्यांच्या इंटरनेटवर चालणाऱ्या सोयी एका दिवसात मुक्या झाल्या. नव्वदीच्या दशकातल्या कितीतरी जपानी गाड्यांच्या ईसीयूमधले कपॅसिटर गळून बोर्ड खराब झाले. गाडी बघायला झकास, पण सुरूच होत नाही.

आणि सगळ्यात बोलकं उदाहरण मॅक्लारेन एफ-१ चं. ही हॉट हॅच नव्हे, १९९० च्या दशकातली महाराणी, एकूण १०६ बनल्या. तिची दुरुस्ती करायला त्या काळच्या कॉम्पॅक लॅपटॉपमध्ये बसणारं एक खास कार्ड लागायचं. म्हणून मॅक्लारेनने २०१६ पर्यंत ते जुनाट लॅपटॉप जपून ठेवले होते. अब्जावधींच्या १०६ गाड्यांसाठी कंपनी ते करते. फिएस्टा एसटीसाठी कोण करणार?

जुन्या गाड्यांसाठी कंपन्या भाग पुन्हा बनवायला लागल्या आहेत, हे खरं. लॅन्सियाच्या वारसा विभागाने डेल्टा इंटेग्रालेचे बंपर पुन्हा काढले, टोयोटाने जुन्या सुप्राचे भाग. पण बंपर साच्यातून निघतो. वीस वर्षांपूर्वी बंद झालेली चिप कुणी साच्यातून काढून देत नाही. कारखान्याची ती लाइनच गेलेली असते.

आपल्याकडे काय?

हा इतिहास मुख्यतः युरोपचा. पण एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो आली. १४५ अश्वशक्ती, किंमत दहा लाखांच्या आत. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयने एका अख्ख्या पिढीला टर्बो म्हणजे काय ते शिकवलं. आणि २०१६ मध्ये पोलो जीटीआय आली, आयात केलेली, तीन दारांची, १९२ अश्वशक्तीची, भारतासाठी फक्त ९९ गाड्या, किंमत सुमारे २६ लाख. 'पोलोला २६ लाख?' म्हणून लोक हसले. पुढच्या वर्षी किंमत सहा लाखांनी उतरवावी लागली. आणि २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली, तेव्हा पहिल्या १५० गाड्या किंमत जाहीर व्हायच्या आधीच संपल्या. नऊ वर्षांत एवढा फरक पडला. त्या ९९ पोलो आज ज्यांच्याकडे आहेत, ते शांतपणे मिशीत हसत असतील.

पण आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार गाडी 'व्हिंटेज' ठरायला पन्नास वर्षं व्हावी लागतात. मग तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, आणि तोही प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरताच. रोज चालवायला नाही. उलट खासगी गाडीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन पुन्हा पासिंग. म्हणजे पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत ती गाडी सरकारच्या लेखी फक्त 'जुनी' असते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांच्या गाडीला रस्ता कर माफ असतो. पहिली २०५ जीटीआय तिथे आत्ताच त्या वयाला पोहोचली. आपली २०१६ ची पोलो जीटीआय २०६६ मध्ये व्हिंटेज होईल. तोवर तिची मेमरी चिप जगेल का, आणि तिला ओळखणारं सॉफ्टवेअर?

मग माझं उत्तर

मोजक्या गाड्या संग्राह्य होतील, यात मला शंका नाही. जीआर यारिस होईल. मेगान आर-२६.आर झालीच आहे. सिव्हिक टाइप आर होईल, कारण तिच्यात अजून हाताचे गिअर आहेत. बाकीच्या बहुतेक, म्हणजे ज्यांचा वेग ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि स्क्रीनच्या भरवशावर होता, त्या चांगल्या जुन्या गाड्या होऊन संपतील. त्यात वाईट काही नाही.

पण 'संग्राह्य' आणि 'क्लासिक' यांत मी फरक करतो. काचेच्या पेटीत ठेवलेली, सुरू न होणारी जीआर यारिस संग्राह्य असेल. क्लासिक म्हणजे रविवारी सकाळी किल्ली फिरवली की जिवंत होणारी, आणि बिघडली तर गल्लीतल्या गॅरेजात बरी होणारी गाडी. हॉट हॅचची सगळी गंमतच ती होती. सामान्य माणसाची वेगवान गाडी, सामान्य मेकॅनिकच्या हातात. ती फक्त श्रीमंताच्या तळघरात उरली, तर जात उरेल, स्वभाव जाईल.

त्यामुळे खरा प्रश्न किंमत किती होईल हा नाहीच. कुलपाची किल्ली कुणाकडे राहील, हा आहे. युरोपात कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना द्यावी लागते, असा कायदा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी गाडीच्या डेटावर मालकाचा हक्क असावा म्हणून मतदान केलं. स्पीडुइनो, रसईएफआय असे मुक्त स्रोताचे इंजिन कंट्रोलर जगभरचे हौशी लोक बनवतायत, आणि त्यांवर जुन्या गाड्या खरंच धावतात. माझं म्हणणं एवढंच. एखादं मॉडेल बंद होऊन पंचवीस वर्षं झाली की कंपनीने त्याच्या दुरुस्तीचं सॉफ्टवेअर आणि युनिट जोडायच्या परवानग्या कुठल्यातरी संग्रहालयाकडे किंवा मालकांच्या संघटनेकडे सोपवाव्यात. त्यात कंपनीचं काही जात नाही. तोवर ती गाडी कुणी नवी घेणार नसतो.

आणि तुमच्या दारात अशी एखादी पोलो किंवा पुंटो असेल, तर सोनं म्हणून झाकून ठेवू नका. चालवा. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, सील सुकतात. सोबत एक काम करा. वायरिंगचे नकाशे, सर्व्हिस मॅन्युअल, दुसरी किल्ली आणि चालत्या स्थितीतल्या ईसीयूची एक प्रत, हे सगळं आत्ताच जपून ठेवा. आत्ता हे मिळवायला एक दुपार आणि थोडे पैसे लागतील. पंचवीस वर्षांनी कदाचित कितीही पैसे मोजून मिळणार नाही.

तुमच्या मते भारतात विकलेली कुठली हॅचबॅक टिकेल, ते जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.